इंग्लंडमधील मायनर इंजुरीज युनिट : डॉक्टरांविना चालणाऱ्या सेवेचा अनुभव

इंग्लंडमध्ये मनगट दुखावले, बोट कापले, पाय मुरगळला किंवा हातावर गरम पाणी सांडले, तर मोठ्या रुग्णालयाच्या ए अँड ई, म्हणजे अपघात व तातडीच्या उपचारांच्या विभागात जाऊन ताटकळण्याची गरज प्रत्येक वेळी नसते, ही गोष्ट येथे नव्याने आलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ठाऊक नसते. अशा दुखापतींसाठी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची मायनर इंजुरीज युनिट, म्हणजे किरकोळ दुखापतींची केंद्रे आहेत, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी रुग्णाला तपासण्यापासून घरी पाठवण्यापर्यंतचा सर्व निर्णय इमर्जन्सी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे या कामाचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका घेतात. ही सेवा मला विश्वासार्ह वाटली. तिच्यात काही उणिवाही आहेत, आणि त्या जाण्यापूर्वी माहीत असलेल्या बऱ्या.

नाशिकहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई बागेच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या तळहातावर भार देऊन पडल्या. एनएचएसच्या १११ क्रमांकावर फोन केल्यावर आम्हाला जवळच्या युनिटची वेळ मिळाली. तेथे एका नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःचे नाव आणि पद सांगितले, सासूबाईंना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे विचारले आणि मी भाषांतर करू लागताच मला नम्रपणे थांबवून फोनवर मराठी दुभाषी मिळवून दिला. रुग्णाची माहिती नातेवाइकाच्या तोंडून गाळून येऊ नये, यासाठी ही पद्धत आहे. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" त्यावर कोणतीही नाराजी न दाखवता त्यांनी समजावले की या दुखापतीची तपासणी, एक्स-रे आणि उपचार त्या स्वतःच करतील व गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतील.

त्यानंतरची तपासणी पाहण्यासारखी होती. मनगटाकडे वळण्याआधी त्यांनी पडण्याचे कारण विचारले. पाय घसरला की चक्कर आली, डोके आपटले का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, याआधी कधी हाड मोडले होते का, हे सर्व विचारून झाल्यावर रक्तदाबही पाहिला. सूज वाढण्यापूर्वी त्या हातातील बांगड्या आणि पाटली काढणे का आवश्यक आहे हे सांगून, परवानगी घेऊनच त्यांनी त्या साबणाच्या पाण्याने काढल्या, आणि सासूबाईंनी सर्व बांगड्या लगेच डाव्या हातात चढवल्या. मग दुखऱ्या हाताशी तुलना करण्यासाठी आधी चांगला हात तपासला. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला जो खोलगट भाग असतो तेथे दाबताच सासूबाई कळवळल्या. एक्स-रेमध्ये मोडलेले काही दिसले नाही, तरीही त्यांनी 'काही झालेले नाही' असे म्हणून आम्हाला घरी पाठवले नाही. त्या खोलगट भागाखाली स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड असते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, आणि त्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने येत असल्यामुळे दुर्लक्ष झाले तर मनगटाकडचा तुकडा रक्ताअभावी निकामी होऊ शकतो. म्हणून त्यांनी अंगठ्यालाही आधार देणारा स्प्लिंट बांधला आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी ठरवून दिली. त्या वेळी हाड शाबूत असल्याचे निष्पन्न झाले.

एवढा अधिकार परिचारिकांकडे एका रात्रीत आलेला नाही. लहान गावांतील रुग्णालयांत डॉक्टर हजर नसताना जखमा शिवणे व दुखापती पाहणे हे काम त्या पूर्वीपासून करीत होत्या, परंतु त्याला अधिकृत ओळख नव्हती. ब्रिटनमधील पहिली औपचारिक योजना म्हणून रॉमफर्ड येथील ओल्डचर्च रुग्णालयाच्या १९८६ मधील योजनेचा उल्लेख होतो. पुढे ए अँड ई विभागांतील गर्दी वाढत गेली, कनिष्ठ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आल्या, आणि २००० च्या एनएचएस योजनेतून रुग्णाला चार तासांत तपासून घरी सोडण्याचे, दाखल करण्याचे किंवा दुसरीकडे पाठवण्याचे उद्दिष्ट आले. या सर्वांमुळे अशा परिचारिकांची संख्या वाढली. २००६ मध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आपल्या कौशल्याच्या कक्षेतील जवळजवळ सर्व औषधे स्वतः लिहून देण्याचा अधिकार मिळाला. तोपर्यंत वेदनाशामक किंवा प्रतिजैविक देण्यासाठी बहुतेकींना आधी ठरवून दिलेल्या लेखी निर्देशांच्या चौकटीत राहावे लागे किंवा डॉक्टरांची सही घ्यावी लागे.

डॉक्टरांचे हे काम परिचारिकेला जमेल का, ही सासूबाईंची शंका ब्रिटनमधील अनेक डॉक्टरांनाही होती, आणि तिचे उत्तर शेफील्डमधील रुग्णालयात झालेल्या, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. किरकोळ दुखापतींचे १,४५३ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने नर्स प्रॅक्टिशनर आणि कनिष्ठ डॉक्टर यांच्यात वाटले गेले व नंतर प्रत्येकाला एका अनुभवी डॉक्टरने पुन्हा तपासले. महत्त्वाच्या चुकांचे प्रमाण परिचारिकांच्या बाबतीत ९.२ टक्के, तर कनिष्ठ डॉक्टरांच्या बाबतीत १०.७ टक्के आढळले. हा फरक एकाला सरस ठरवण्याइतका मोठा नाही, मात्र रुग्णाचा पूर्वेतिहास नोंदवण्यात परिचारिका सरस ठरल्या होत्या. आमच्या तपासणीत विचारलेले प्रश्न आठवले की मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

आता उणिवा. या सेवेचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. याआधी मुलाच्या घोट्यासाठी आम्ही एका वेगळ्या युनिटमध्ये संध्याकाळी गेलो होतो, तेव्हा केंद्र उघडे असूनही एक्स-रे विभाग बंद झाला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले. फोनवर कोणी ते सांगितले असते, तर लंगडणाऱ्या मुलाला घेऊन केलेली ती खेप वाचली असती. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. 'रजिस्टर्ड नर्स' (नोंदणीकृत परिचारिका) हे पदनाम ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित असले, तरी 'नर्स प्रॅक्टिशनर' या पदनामाला तसे वेगळे कायदेशीर संरक्षण मिळालेले नाही. त्यामुळे एकीकडे पदव्युत्तर शिक्षण व औषधे लिहिण्याचा अधिकार असलेली व्यक्ती भेटते, तर दुसरीकडे त्याच नावाखाली तुलनेने कमी प्रशिक्षण झालेली. इतक्या जबाबदारीच्या कामासाठी पात्रतेचा एकच मापदंड असायला हवा.

भारतातही इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांत अपघाताचा रुग्ण आला की सर्वांत आधी सिस्टरच धावते हे पाहता, तिच्या त्या कामाला शिक्षण, अधिकार आणि वेतन यांची जोड मिळावी असे मला मनापासून वाटते.

इंग्लंडमधील अशा युनिटमध्ये जाणाऱ्यांनी छातीत दुखणे, श्वास लागणे, बेशुद्धी, पक्षाघाताची लक्षणे किंवा न थांबणारा रक्तस्राव यांसाठी युनिटचा विचारही करू नये, सरळ ९९९ ला फोन करावा. अगदी लहान बाळांना काही युनिट घेत नाहीत, म्हणून आधी विचारावे. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांकडून अशा युनिटमधील उपचारांचे शुल्क घेतले जात नाही, परंतु रुग्णालयात दाखल करावे लागले किंवा पुढे बाह्यरुग्ण विभागात पाठवले तर ते लागू होऊ शकते, त्यामुळे प्रवास विमा असलाच पाहिजे. उपचाराचा अहवाल येथील कुटुंब डॉक्टरांकडे परस्पर जातो आणि पाहुण्यांचे असे डॉक्टर येथे नसतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्याची छापील प्रत मागून घ्यावी. आम्ही ती मागितली, लगेच मिळाली, आणि नाशिकच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी ती सासूबाईंच्या सामानात ठेवली आहे.