फेंगहान की फेंगरे? चीनमध्ये सर्दी झाली तर कोणतं खोकं उचलावं

चीनमधल्या औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं 'सर्दी झालीय' म्हटलं, तर बहुतेक वेळा काउंटरवरून उलट प्रश्न येतो: फेंगहान की फेंगरे? फेंग म्हणजे वारा, हान म्हणजे थंडी, रे म्हणजे उष्णता. वाऱ्याबरोबर अंगात थंडी शिरली की उष्णता, हे त्यांना आधी ठरवायचं असतं. 'थंड बाधलं', 'उष्ण पडलं' हे आपण घरात ऐकतच मोठे झालेलो असतो, त्यामुळे प्रश्न कळायला जड नाही. पण उत्तर नीट द्यावं लागतं, कारण एका प्रकारचं औषध अंगात ऊब आणून घाम काढतं आणि दुसऱ्याचं थंडावा देतं. तिकडे एमबीबीएसला गेलेली आपली मुलं किंवा नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबं बरेचदा शेजारच्याने सांगितलं तेच खोकं उचलतात, म्हणून हा आढावा.

फेंगहानमध्ये हुडहुडी जास्त आणि ताप कमी. पांघरूण घेतलं तरी थंडी जात नाही, घाम येत नाही, मान आणि डोक्याचा मागचा भाग ठणकतो, नाकातून पाण्यासारखं गळतं, घसा खवखवतो पण जळत नाही. फेंगरेमध्ये ताप जास्त आणि थंडी नावाला. घसा लाल होतो, गिळताना दुखतं, थोडा घाम येतो, तहान लागते, शेंबूड घट्ट आणि पिवळा असतो. वैद्य नाडीही बघतात. दोन्हींत ती वरवर, हलक्या बोटालाच लागते. फेंगहानमध्ये ती ताणलेल्या दोरीसारखी घट्ट, फेंगरेमध्ये जलद. नाडी आपल्याला जमणार नाही, पण जीभ जमते. सकाळी दात घासण्याआधी, उजेडात, आरशासमोर बघा: पातळ पांढरा थर असेल तर थंडी, कडा लालसर आणि थर पिवळट असेल तर उष्णता. आपल्या लोकांसाठी एक खास सूचना: रात्री हळदीचं दूध घेतलं असेल तर त्या सकाळची जीभ धरू नका, पिवळेपणा हळदीचा असू शकतो.

या सगळ्यांपैकी एकच खूण विचारात घ्यायची झाली, तर मी घसा धरेन. गिळताना खुपत असेल, तर तिथले वैद्य सहसा गरम औषधाकडे जात नाहीत.

थंडीच्या बाजूचं शास्त्र फार जुनं आहे. पूर्व हान राजवटीतले, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे, वैद्य चांग चोंगचिंग आपल्या 'शांगहान लुन' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहितात की त्यांच्या कुळात दोनशेहून जास्त माणसं होती आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, बहुतेक थंडीच्या तापाने. त्यांचा दालचिनीच्या कोवळ्या फांद्यांचा काढा आजही चालतो. त्यात फांद्यांबरोबर पांढऱ्या पिओनीचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि 12 लाल बोरं. मला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे काढ्यानंतरची पथ्यं. काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने गरम, पातळ भाताची पेज प्यायची, पांघरूण घेऊन पडायचं आणि अंगभर नुसता ओलसर घाम येऊ द्यायचा. घामाच्या धारा लागता कामा नयेत. एका मात्रेने उतार पडला की उरलेला काढा घ्यायचा नाही. कच्चं, थंड, चिकट, मांस, दारू आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य. सर्दीत दही नको म्हणणाऱ्या आजीला हे लगेच पटेल. मात्र हा काढा घाम थोडा येत असेल आणि वारा सोसवत नसेल अशांसाठी आहे. घाम अजिबात नसेल तर ते मा-हुआंगचा काढा देतात.

मा-हुआंगपाशी मात्र थांबा. या वनस्पतीतलं (इंग्रजीत एफेड्रा) एफेड्रिन 1885 मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी वेगळं काढलं. ते छाती मोकळी करतं, पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवतं. अमेरिकेने 2004 मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक आहाराच्या गोळ्यांवर बंदी घातली. रक्तदाब, हृदयविकार किंवा थायरॉइड असणाऱ्यांनी, आणि गरोदर बायकांनी, हा काढा स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

उष्णतेच्या बाजूचं शास्त्र त्या मानाने नवं. जुन्या गरम काढ्यांनी साथीचे ताप आवरत नाहीत, उलट वाढतात, असं म्हणणाऱ्या वैद्यांची परंपरा तयार झाली आणि वू च्युथोंग यांनी 1798 मध्ये यिन-छ्याओ हे चूर्ण मांडलं. हनीसकलच्या कळ्या, फॉर्सिथियाची फळं, पुदिना, ज्येष्ठमध वगैरे. ते उकळायचं पण आटवायचं नाही, वास दरवळला की उतरवायचं. पुदिन्याचं तेल उडून गेलं तर उरेल काय? आज त्याच्या गोळ्या आणि पाण्यात विरघळणारे दाणे मिळतात.

बान-लान-गन नावाचे दाणे तर घराघरात असतात. 2003 च्या सार्सच्या साथीत त्यांच्यावर उड्या पडल्या होत्या. पण त्यांच्याच शास्त्राप्रमाणे हे थंड औषध आहे. हुडहुडी भरलेल्या माणसाने ते पिणं म्हणजे गारठलेल्याला ताक देणं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. 'चिनी जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्दीच्या कित्येक औषधांत आपलंच पॅरासिटामॉल असतं. व्हिटॅमिन-सी यिन-छ्याओ गोळ्यांत ते असतं, सोबत झोप आणणारं क्लोरफेनिरामिनही. गानमाओलिंग या सर्दीच्या दुसऱ्या औषधाच्या दाण्यांतही ही दोन्ही असतात. वरून घरून आणलेली क्रोसिन घेतली की मात्रा नकळत वाढते, आणि दिवसाला 4 ग्रॅमच्या पुढे गेलं की यकृताला धोका. फोनच्या कॅमेऱ्याने घटकांची यादी भाषांतर करून वाचा, नाहीतर दुकानदाराला 'पॅरासिटामॉल आहे का' हे फोनवर टाइप करून दाखवा. साधं यिन-छ्याओ आणि व्हिटॅमिन-सी यिन-छ्याओ ही वेगळी औषधं आहेत, खोकी दिसायला सारखी असली तरी.

गुण येतो का? कोक्रेन ही औषधांवरचे प्रयोग एकत्र करून तपासणारी संस्था; सर्दीवरच्या चिनी वनौषधींचा तिचा 2007 चा आढावा सांगतो की प्रयोगांचा दर्जा इतका कमी होता की शिफारस करता येत नाही. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते, आणि ती विषाणूंमुळे होते. शेंबूड पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागेलच असंही नाही. मला या पद्धतीत मोल वाटतं ते एवढंच की ती माणसाला स्वतःच्या अंगाकडे नीट बघायला लावते.

मी असतो तर असं करेन. पहिल्या दिवशी हुडहुडी असेल तर खोकं घ्यायचंच नाही. आल्याचे काप, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि तिथली लाल साखर, जी आपल्या गुळाची बहीण, पाच मिनिटं उकळून प्यायची आणि झोपायचं. चीनमधल्या आया हेच करतात. दोन-तीन दिवसांनी घसा लाल होऊन ताप चढला तर आलं थांबवायचं, कारण थंडी उष्णतेत बदलते असं तेच मानतात, आणि मग साधं यिन-छ्याओ. उन्हाळ्यात मळमळ आणि जुलाबांसकट सर्दी असेल तर हा दोघांचाही प्रांत नाही, तिथे हुओश्यांग चेंगची देतात. त्याच्या पातळ प्रकारात दारूचा अंश असतो, म्हणून गाडी चालवायची असेल तर गोळ्या मागा. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर जीभ बघत बसू नका, थेट रुग्णालयात जा.