गूढकादंबरीसाठी लंडनचं थिएटर की आपली नाटक मंडळी?

नाटकवाल्या घराण्याची, जुन्या काळातली, दडवलेल्या गुपिताची कादंबरी लिहायला घेतली की सगळं अडतं ते काळ आणि ठिकाण ठरवताना. मराठीत लिहिणाऱ्यासमोर दोन भरघोस पर्याय आहेत: १८६० ते १९०० मधलं गॅसबत्तीचं लंडन, आणि १८८० ते १९३० मधल्या संगीत नाटक मंडळ्या. निवड करण्याआधी आपलं गुपित नेमकं काय आहे ते कागदावर लिहून काढा. ती वस्तू असेल, प्रेत असेल, कुलूपबंद खोली असेल, तर लंडन घ्या. गुपित नात्यात असेल तर मंडळी. लंडनच्या घराण्यांच्या हाती वर्षानुवर्षं एकच इमारत असायची. हेन्री आयर्व्हिंग या नटानं लायसियम थिएटर १८७८ पासून दोन दशकांहून जास्त काळ चालवलं. मंडळी मात्र आज सांगलीत, पुढच्या महिन्यात पुण्यात. सामान पेट्यांत, बिऱ्हाड भाड्याच्या वाड्यात. वीस वर्षं न उघडलेली खोली तिथं येणार कुठून?

लंडन घेतलंत तर यंत्रं नीट समजून घ्या, कारण रहस्याचे धागे तिथंच सापडतात. लाइमलाइट म्हणजे चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत मारून मिळणारा पांढराशुभ्र झोत. चुना एकाच जागी तापला की खड्डा पडतो, तडकतो, म्हणून माणसाला तो सतत थोडाथोडा फिरवत राहावं लागे. वायू दोन वेगळ्या पिशव्यांत भरत आणि फळ्यांवर वजनं ठेवून दाबत. एका पिशवीवरचं वजन कमी झालं तर दुसरीतला वायू उलटा तिच्यात शिरायचा आणि स्फोट व्हायचा. म्हणजे वजन हलवणारा एक हात पुरे, आणि तो अपघात वाटतो.

काचेचं भूत, म्हणजे काचेतल्या प्रतिबिंबानं मंचावर उभं केलेलं भूत, त्याहून कामाचं. २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये ते पहिल्यांदा लोकांना दाखवलं गेलं, त्यामुळे त्याआधीच्या कथेत वापरू नका. मंचाच्या पुढच्या कडेला मोठी काच तिरकी बसवायची. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खाली खोदलेल्या जागेत नट उभा करायचा, त्याच्यामागे काळं कापड, अंगावर झगझगीत उजेड. प्रेक्षकाला काचेतलं त्याचं प्रतिबिंब मंचावर तरंगताना दिसतं. पण काचेच्या मागे, मंचावर असलेल्या नटाला ते दिसत नाही. तो जमिनीवरच्या खुणा बघून हवेत तलवार चालवतो. विंगेत उभ्या माणसालाही काही दिसत नाही. तेव्हा ‘मी विंगेतून भूत पाहिलं’ अशी साक्ष देणारं पात्र खोटं बोलतंय, हे वाचकाला पकडता येतं. नवोदितांची चूक नेमकी उलटी होते: नायिका भुताला बघून किंचाळते.

आगीबद्दल अतिशयोक्तीची गरजच नाही. ५ सप्टेंबर १८८७ ला इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचं थिएटर रॉयल गॅसच्या ज्योतीनं वरचं कापड पेटून जळालं, १८६ माणसं गेली, त्यातली बरीचशी वरच्या गॅलरीतून निघता न आल्यानं. मात्र १८८१ ला सॅव्हॉय थिएटर विजेवर गेलं होतं. १८९५ च्या कथेत लंडनची सगळी थिएटरं गॅसवर दाखवू नका.

खून हवा असेल तर विल्यम टेरिस या नटाच्या खुनाचा प्रसंग अभ्यासा. १६ डिसेंबर १८९७, अडेल्फी थिएटर, मेडन लेनमधलं खासगी दार. मारणारा काम नसलेला नट, रिचर्ड प्रिन्स. टेरिसनं त्याला पूर्वी मदत केली होती. उपकाराचा सूड हा हेतू कपोलकल्पित राहत नाही, हे फार मोलाचं आहे.

आता मंडळी. इथं यंत्रं कमी, माणसं दाट. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून किर्लोस्करांची मंडळी आणि पुढच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांवर. चौदा-पंधराव्या वर्षी आवाज फुटला की नायिकेचं काम जाण्याची वेळ येई. ही भीती साऱ्या कंपनीची: मालकाचं उत्पन्न, भागीदारांचा वाटा, मुलाची पंगतीतली जागा, सगळं एका गळ्यावर. १८९० च्या प्रतिष्ठित संगीत मंडळीत नायिका म्हणून बाई उभी केलीत, तर जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटेल.

गुपितासाठी मंडळीकडे फार भारी साधन आहे: नक्कल. नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. त्याची वाक्यं आणि आधीच्या वाक्याचे शेवटचे शब्द, एवढंच उतरवून दिलं जाई. पूर्ण संहिता तालीममास्तरकडे आणि प्रॉम्प्टरकडे. (लंडनमध्येही हीच रीत होती, पण तिथं प्रत्येक नव्या नाटकाची प्रत नाटकं तपासणाऱ्या लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे जायची, म्हणून मजकूर पुरता नाहीसा करणं अवघड.) एका नटाच्या नकलेत दोन ओळी जास्त आहेत आणि त्या बाकी कोणालाच ठाऊक नाहीत, एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

नात्यांच्या गुपिताचं सर्वांत हृद्य उदाहरण रंगभूमीला जोडलेल्या एका संगीत-घराण्यात आहे. गायक अब्दुल करीम खाँ आणि त्यांच्या मुलांची आई ताराबाई माने वेगळे झाले, मुलं आईकडे राहिली, आणि अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. हीराबाई बडोदेकर त्यांची बहीण. लंडनमध्ये एलन टेरी या नटीनं लग्नाबाहेरच्या दोन मुलांसाठी क्रेग हे नवंच आडनाव शोधलं. गुपित दोन्हीकडे सारखं, तपासाची वाट वेगळी. इंग्लंडात जन्ममृत्यूची नोंद १८३७ पासून सरकारी वहीत आहे, तिथं तुमचा शोधक कागदाकडे जाईल. मंडळीत त्याला पेटीवाल्याकडे, आचाऱ्याकडे, वाड्याच्या मालकिणीकडे जावं लागेल, आणि प्रत्येक जण थोडंच सांगेल. संवादावर हुकूमत असेल तर हीच वाट घ्या.

मंडळी निवडल्यावर लंडनचं सामान तिच्यात कोंबू नका. तिरकी मोठी काच बैलगाडीतून घाट उतरणार नाही. त्याऐवजी रंगवलेला पडदा घ्या: राजवाड्याच्या कमानीत एक जास्तीची आकृती, वर दुसरा थर, आणि रॉकेलच्या दिव्याच्या धगीनं पोपडा धरलेला रंग.