टँकर सर्व्हिस, लातूर: तीन उन्हाळ्यांचा अनुभव, 5 पैकी 4 स्टार

आमच्या गल्लीत टँकर टाकणाऱ्यांबद्दल लिहायचं लै दिवसांपासून डोक्यात होतं, तीन उन्हाळे झाले यांच्याकडूनच पाणी घेतोय. नाव टाकत नाही कारण ते बाकीच्या भागात येतच नाहीत, पण टँकरवाला ठरवताना काय बघायचं ते तरी कळंल.

पहिली गोष्ट म्हणजे यांचा वार ठरलेला. मंगळवार आन शनिवार, सकाळी सातच्या आत. गाडी बिघडली तर आदल्या रात्रीच फोन येतो. याच्या आधी जो होता त्यानं लै रडवलं, आज येतो उद्या येतो, घरातलं एक माणूस दिवसभर गेटपाशी बसून आन टँकर आला तर पाऊणच भरलेला, पैसे मात्र पूर्ण टँकरचे.

माझं एमए इतिहासात झालंय, तवा जुन्या लंडनचं वाचलं होतं ते यांच्यामुळं सारखं आठवतं. तिथं 1582 मध्ये पीटर मॉरिसनं लंडन ब्रिजच्या कमानीखाली चाक बसवलं, थेम्सच्या ओढीनं चाक फिरायचं, त्यावर पंप चालायचे आन पैसे भरणाऱ्याच्या घरी नळानं पाणी. मग ह्यू मिडलटन नावाच्या सोनारानं न्यू रिव्हर काढली. हर्टफर्डशरच्या झऱ्यांपासून शहरापर्यंत 60 किलोमीटरच्या आसपास वळणावळणाचा कालवा, अन् एवढ्या लांबीत उतार जेमतेम पाच-सहा मीटर! मधेच पैसे संपले तर राजा पहिला जेम्स यानं अर्ध्या नफ्याच्या बोलीवर अर्धा खर्च उचलला, 1613 ला पाणी आलं. पण शहरातले पाइप म्हणजे एल्मच्या झाडाची पोखरलेली खोडं, त्यांना दाब सोसत नव्हता, सांधे गळायचे, मग सगळ्यांना एकदम पाणी कसं देणार. म्हणून आठवड्यात ठराविक दिवशी काही तास, कंपनीचा माणूस येऊन गल्लीचा कॉक फिरवायचा, आपला वॉलमनच की तो. लोक घरात टाकी भरून ठेवायचे, पैसे तीन महिन्याला, लिटरवर नाही. ज्याच्याकडं नळ नव्हता तो सार्वजनिक हौदावर जायचा नाहीतर पाणक्याकडून घ्यायचा, तो पाणी लाकडी भांड्यातून वाहून आणायचा. आमची आजी पखालवाल्याचं सांगायची, अगदी तसंच.

रोज चोवीस तास पाणी तिथंबी नव्हतं, पण कोणत्या दिवशी येणार ते माहीत असलं की घर चालतं, हे मला आईकडं बघून पटलंय. 2016 ला मांजरा धरण आटलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वॅगन, 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आई पहाटे तीनला उठून टँकरची चाहूल घ्यायची. आता सोमवारी रात्री निवांत झोपते.

पाणी कोणत्या बोअरचं ते विचारलं की सांगतात, मी एकदा जाऊन बघूनबी आलो. चवीला जड आहे, वापरायला ठीक, पिण्यासाठी जार वेगळाच घ्या. उन्हाळ्यात भाव वाढवतात पण पंधरा दिवस आधी सांगून.

एक स्टार कापला तो पाइपसाठी. लै आखूड आहे, वरच्या मजल्यावरच्या टाकीपर्यंत पोचतच नाही, खाली हौद नसलेल्यांना बादल्या वाहाव्या लागतात, आमच्या शेजारच्या आजींना तर फार त्रास होतो. दिवाळीपर्यंत लांब पाइप घेतो म्हणालेत, घेतला की त्याच दिवशी पाचवा स्टार टाकतो.