नर्सिंगचे शिक्षण: रुग्णालयाशी जोडलेला डिप्लोमा की विद्यापीठाची पदवी?

नर्सिंगमध्ये जायचे असे ज्याने जवळजवळ ठरवले आहे, त्याच्यापुढे दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो: रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेतून डिप्लोमा करावा, की विद्यापीठाची पदवी घ्यावी? बहुतेक घरांत हा प्रश्न वर्षे आणि खर्च यांच्या हिशेबावर सोडवला जातो. तो हिशेब करायलाच हवा. मात्र माझ्या मते निर्णायक गोष्ट वेगळी आहे. विद्यार्थ्याचे किती तास प्रत्यक्ष रुग्णाजवळ जातात, आणि त्या तासांत त्याच्या हातांकडे एखाद्या अनुभवी नर्सचे लक्ष असते की नाही, यावर त्या शिक्षणाचा कस ठरतो.

दोन्ही वाटांचा उगम पाहिला की त्यांचा स्वभाव लक्षात येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात जी शाळा सुरू झाली, तिथे विद्यार्थिनी वॉर्डातले काम करता करताच शिकत असत, आणि डिप्लोमाची पद्धत याच मुशीतून निघालेली आहे. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने नर्सिंगची शाळा आपल्या कक्षेत घेतली आणि या शिक्षणाला विद्यापीठाचे दार उघडले. आज भारतात डिप्लोमा तीन वर्षांचा आणि पदवी चार वर्षांची असून दोन्हींनंतर नर्स म्हणून नोंदणी मिळते. अमेरिकेत दोन वर्षांची सहयोगी पदवी घेतलेला आणि चार वर्षांची पदवी घेतलेला, असे दोघेही परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. जर्मनीत तीन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण हीच आजही मुख्य वाट आहे. उलट इंग्लंडमध्ये २०१३ पासून नव्याने नर्स होणाऱ्यासाठी पदवी अनिवार्य झाली, त्यामुळे तिथे हा निवडीचा प्रश्नच राहिलेला नाही. म्हणून पुढे दुसऱ्या देशात काम करण्याचा विचार असेल, तर अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या नोंदणी मंडळाच्या अटी वाचाव्यात. तीन वर्षे शिकून झाल्यावर त्या वाचणे फार महागात पडते.

शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची शुश्रूषा हे विषय दोन्हीकडे असतात. फरक असतो तो भर कशावर आहे याचा. डिप्लोमाचा विद्यार्थी वॉर्डात लवकर उतरतो, त्याचा हात लवकर बसतो आणि कमाईही लवकर सुरू होते. पदवीत संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, समाजाचे आरोग्य आणि व्यवस्थापन यांना अधिक जागा मिळते, त्यामुळे एखादी पद्धत का पाळायची आणि ती केव्हा बदलायची, हे स्वतः तपासून पाहण्याची सवय लागते.

ही सवय केवळ शोभेची नाही. युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक होते, तिथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. अशा अभ्यासातून परस्परसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे मान्य केले तरी हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला तितकाच महत्त्वाचा वाटतो: एका नर्सकडे आणखी एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे शिक्षण कितीही चांगले असले, तरी एकाच माणसाला किती खाटांकडे धावावे लागते, हा प्रश्न उरतोच, आणि पुढे नोकरी निवडताना पगाराच्या बरोबरीने तो विचारायला हवा.

आता वॉर्डातली एक अगदी साधी गोष्ट पाहू. रुग्णाचे श्वास मोजायचे आहेत. आपले श्वास मोजले जात आहेत हे रुग्णाला कळले, तर त्याच्याही नकळत श्वासाची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवायची, नाडीच पाहत आहोत असे वाटू द्यायचे, आणि छाती किती वेळा वरखाली होते ते मोजत राहायचे. हे पुस्तकातून एका मिनिटात समजते. पण घाबरलेल्या, खोकणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसाजवळ उभे राहून ते शांतपणे साधण्यासाठी अनेक दिवस वॉर्डात काढावे लागतात. प्रयोगशाळेतील पुतळ्याचा श्वास आपण पाहिल्यामुळे बदलत नाही. पुतळ्यावरचा सराव अवश्य करावा, कारण पहिली चूक जिवंत माणसावर होता कामा नये. परंतु तो सराव रुग्णाची जागा घेऊ शकत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत नर्सच्या शिक्षणाचे किमान ४,६०० तास आणि त्यांपैकी निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेतले असावेत अशी अट आहे, ती याच जाणिवेतून आलेली असावी असे मला वाटते.

इथेच दोन्ही वाटांवरचे खड्डे दिसतात. वाईट डिप्लोमा म्हणजे विद्यार्थ्याला फुकटचे मनुष्यबळ समजणे: दिवसभर चादरी बदलणे आणि फायली पोहोचवणे, शिकवायला मात्र कोणी नाही. वाईट पदवी म्हणजे संलग्न रुग्णालय कागदावर मोठे, आणि प्रत्यक्षात एका खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थी वही घेऊन उभे. या दोन्हींपेक्षा भरलेल्या रुग्णालयातला, नीट शिकवला जाणारा डिप्लोमा आणि तशीच पदवी, दोन्ही कितीतरी बरे. सर्व बाबी समान असतील आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर मी पदवीच घ्यायला सांगेन. अध्यापन, विशेष शाखा, व्यवस्थापन आणि परदेशातली नोंदणी यांची दारे तिच्यामुळे अधिक सहज उघडतात. घराला लवकर हातभार लावण्याची गरज असेल, तर डिप्लोमा घेण्यात काहीही कमीपणा नाही. अनेक देशांत डिप्लोमानंतर पदवीपर्यंत नेणारा अभ्यासक्रम असतो, भारतात तो दोन वर्षांचा आहे. मात्र नोकरी करत तो पूर्ण करणे कठीण जाते, हे आधीच गृहीत धरावे.

रक्त पाहवत नाही म्हणून नर्सिंग जमणार नाही, असे अनेकांना वाटते. पहिल्या जखमेजवळ चक्कर येणारे पुष्कळ जण उत्तम नर्स झाले आहेत, कारण ती भीती सवयीने जाते. सवयीनेही न जाणारी गोष्ट म्हणजे रात्रपाळी, तासन्‌तास उभे राहणे, आणि प्रत्येक केलेल्या कामाची वेळेसह नोंद करण्याची जबाबदारी. म्हणून शक्य असेल तर प्रवेशाआधी काही दिवस एखाद्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करावे, आणि पाळी बदलताना एक नर्स दुसरीला रुग्णांची माहिती कशी सोपवते ते ऐकावे. त्या दहा-पंधरा मिनिटांत या पेशाचे खरे रूप माहितीपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

तयारीत सर्वांत दुर्लक्षित विषय गणिताचा आहे. ५०० मिली सलाइन चार तासांत द्यायचे आहे आणि संचातून एका मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब ठेवावे लागतील. एक ग्रॅम औषध १० मिलीत विरघळवले असेल आणि ७५० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर ७.५ मिली घ्यावे लागेल. इथे दशांशचिन्ह एक घर सरकले की दहापट डोस जातो, म्हणून अशी उदाहरणे कॅल्क्युलेटरशिवाय रोज चार-पाच सोडवावीत. त्याबरोबर वैद्यकीय शब्दांची घडण शिकावी. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आले की त्या अवयवाचा दाह, एवढे कळले तरी शेकडो शब्द ओळखीचे होतात.

संस्था पाहायला जाल, तेव्हा कार्यालयाइतकाच वेळ वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसोबत घालवावा. गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय काय केले, त्या वेळी शेजारी कोण उभे होते, चूक झाली तेव्हा काय घडले, असे थेट विचारावे. आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल, तर डॉक्टरांना विचारून ती आताच सुरू करावी. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस सहसा सहा महिन्यांत पूर्ण करतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या सुमारास पहिला डोस झाला, तर वॉर्डात पहिल्यांदा सुई हाती येईपर्यंत तिन्ही पूर्ण झालेले असतील.