३ किलोवॉट सोलर, आठ महिन्यांनी: पॅनेल चांगले, वायरीने घात केला

गणपतीनंतर बसवलं, ऑन-ग्रिड म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नाही. सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे ७८ हजार खात्यात आले, त्याबद्दल तक्रार नाही. दिवाळीत कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. थंडीत दिवसाला बारा-तेरा युनिटं सहज पडत होती आणि बिलात स्थिर आकार नि किरकोळ काहीबाही एवढंच उरलं होतं.

मग एप्रिल आला. सोलापूरचं ऊन, आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि युनिटं फेब्रुवारीपेक्षा कमी! बसवून देणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "काका, उन्हाळ्यात पॅनेल तापतं, उत्पादन घटतंच." हे खोटं नाही. पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंशांना मोजलेले असतात. आमच्याकडे दुपारी काच ६५ अंशांपर्यंत जाते आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर चौदा टक्के तिथेच जातात. "धूळ पुसा," हेही सांगितलं. पहाटे उठून पुसली. फरक पडला, पण चिमूटभर.

शेवटी ॲपमधला दिवसाचा आलेख मोठा करून पाहिला. अकरापर्यंत छान चढती रेघ आणि बारा ते तीन नुसते फणीचे दात. वर, खाली शून्य, परत वर. उष्णतेने उत्पादन घटतं, शून्यावर येत नाही. गच्चीवर जाऊन इन्व्हर्टरपाशी (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलून लाईनला देणारा डबा) उभा राहिलो, तर लाल दिवा आणि पडद्यावर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', म्हणजे लाईनचा दाब जास्त.

नियम असा की ग्रिडचा दाब २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या वर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं. दाब खाली येऊन किमान मिनिटभर स्थिर राहिला की मगच परत जोडायचं. दुपारी आमच्या गल्लीत निम्म्या गच्च्यांवर सोलर, घरात मात्र पंख्यापलीकडे कुणाचा लोड नाही. सगळ्यांची वीज एकाच डीपीकडे (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) ढकलली जाते आणि दाब चढतो. तेव्हा मी वीज कंपनीवर चिडलो. वायरमन आला, मीटरपाशी मोजलं: २४७. "तुमचा दाब २५३ च्या आत आहे," म्हणाला आणि गेला.

इथे माझं मत फिरलं. मीटरला २४७ आणि त्याच वेळी गच्चीवर इन्व्हर्टरला २५४? मधले सात व्होल्ट कुठले? इन्व्हर्टरपासून फाटकाजवळच्या मीटरपर्यंत पस्तीस मीटर वायर आहे आणि ती अडीच स्क्वेअरची (जाडी अडीच स्क्वेअर एमएम) निघाली. तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला वायरीत पडणारा दाब वर चढवावाच लागतो. जाणं-येणं मिळून सत्तर मीटर तांबं, अर्धा ओहम. गुणाकार करा, हिशोब बरोबर बसतो. सहा स्क्वेअरची असती तर तीन व्होल्टही चढले नसते.

पॅनेलच्या ब्रँडवर लोक तासन्‌तास भांडतात, कोटेशनमध्ये मात्र 'एसी केबल: आवश्यकतेनुसार' एवढंच लिहिलेलं असतं. एसी केबल म्हणजे हीच, इन्व्हर्टर ते मीटरची वायर. सही करण्याआधी तिथे स्क्वेअर एमएम लिहून घ्या.

(दुपारी लाईट गेली की सोलरही बंद पडतं, हे अजूनही कुणाला नवीन असेल तर: खांबावर चढलेला माणूस आपल्या विजेने मरू नये म्हणून ते तसं ठेवलंय. त्याला दोष देऊ नका.)

बसवून देणाऱ्याशी बरंच भांडून सहाची वायर टाकून घेतली. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. आता आलेख सलग येतो, क्वचित एखादा दात. पॅनेलला पाच, इन्व्हर्टरला पाच, सर्व्हिसला दोन. जुनी वायर तो "घेऊन जातो" म्हणाला. म्हटलं, राहू दे, तांब्याचा भाव मलाही माहीत आहे.