पैठणी अस्सल, रील मात्र फुकटातली

पैठणच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माल खरा आहे. साडी उलटी करून काठ बघितला. मागं लोंबते धागे नाहीत, नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच. हातमागाचीच! मागच्या खोलीत माग चालू होता. विणणाऱ्या मावशींनी हात न थांबवता पदरातला मोर कसा भरतात ते दाखवलं. तिथून माझा पायच निघेना.

भाव मात्र रुपयानं हलला नाही. "ताई, रीलवाल्या मॅडमनी अशीच नेसली होती." त्यांना ती भेट दिली, हेही मालकच म्हणाले. मॅडमच्या रीलवर मात्र ‘माझी खरेदी’! अहो, दारात एवढी मोठी गाडी, आणि साडी फुकट? वस्तू फुकट मिळाली तरी तसं स्पष्ट सांगा, असं केंद्राच्या २०२३ च्या सूचनांमध्ये आहे. व्यवसायातून वर्षाला २० हजारांवर भेटी मिळाल्या तर १० टक्के टीडीएसही (देणाऱ्यानं आधीच भरायचा कर) आहे, २०२२ पासून.

मावशींना विचारलं, त्या साडीची मजुरी मिळाली का? "मिळाली की. मालक ती तुमच्याकडून काढतेत," म्हणाल्या आणि हसल्या.

साडीला साडेचार स्टार. घेणार असाल तर सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, बघा, पक्की पावती मागा.