ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी: 'बाय' की 'टिल' हा घोळ इथे सुटतो

मराठी मीडियमच्या मुलांना इंग्लिश शिकवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'आय विल कम टिल फाइव्ह'. पोरांची चूक नाही हो, आपल्याकडे दोन्हीला 'पर्यंत'च. पाचपर्यंत येतो आणि पाचपर्यंत थांबतो. इंग्लिशमध्ये मात्र पहिल्याला बाय आणि दुसऱ्याला टिल किंवा अन्टिल. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये नुसता शब्द टाकला की हा फरक काही कळत नाही, मग पोरांनी तो ओळखायचा कसा?

म्हणून मी सगळ्यांना ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी सुचवते, वेबसाइटवर फुकट आहे. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी सहकाऱ्यांबरोबर ही केली, १९४२ ला टोकियोत आली आणि १९४८ ला ऑक्सफर्डने काढली. म्हणजे मुळातच ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही त्यांच्यासाठी, आणि ते वापरताना जाणवतं. अर्थ सोप्या शब्दांत, खाली भरपूर उदाहरणं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात.

बाय उघडलं तर वेळेच्या अर्थाला सरळ दिलंय की सांगितलेल्या वेळेनंतर नाही, म्हणजे काम त्याच्या आत कधीही उरकलं तरी चालेल. अन्टिल म्हणजे गोष्ट तोवर चालूच राहणार. आता 'मी येईपर्यंत थांब' आणि 'मी येईपर्यंत जेवण उरक' ही वाक्यं घ्या, पहिल्याला अन्टिल आय कम, दुसऱ्याला बाय द टाइम आय कम. एवढं पोरांना फळ्यावर दाखवलं की डोळे चमकतात त्यांचे, खरंच फार बरं वाटतं. ऑफिसवाल्यांनीही बघा, 'सबमिट टिल फ्रायडे' असलं मेलमध्ये सर्रास असतं, तिथे बाय फ्रायडे पाहिजे. आणि टिल बोलताना ठीक, लिहिताना अन्टिल जास्त चालतं, तेही त्यात सांगितलंय.

मराठी अर्थ मिळणार नाही हे आधीच सांगते. अगदी नवशिक्याला एकट्याने झेपणार नाही, शेजारी कुणीतरी बसायला हवं. बायची नोंद लांबलचक आहे कारण शब्दाचे अर्थच तेवढे, बसच्या 'बाय बस'पासून सगळे, वेळेचा अर्थ त्यातून शोधावा लागतो.

पुस्तक घ्यायचं तर दहावी आवृत्ती २०२० ची आहे, पण असल्या रोजच्या शब्दांसाठी रद्दीवाल्याकडची जुनी मिळाली तरी बिनधास्त घ्या.